गोफाचा सव्यापसव्य : वीण, उकल आणि सांगणाऱ्याची भाषा

१. विषयप्रवेश

गोफ हा नृत्यखेळ मराठी वाचकास अपरिचित नाही. उंचावरील एका बिंदूस रंगीत दोऱ्या बांधून त्या खाली सोडलेल्या असतात. खेळगडी फेर धरून उभे राहतात, प्रत्येकाच्या एका हातात एक दोरी व पुष्कळदा दुसऱ्या हातात टिपरी असते. गाण्याच्या ठेक्यावर ते एकमेकांना ओलांडीत जातात आणि मध्यभागी दोऱ्यांची वेणी उतरत येते. वेणी पुरेशी लांब झाली म्हणजे तेच खेळगडी तीच वेणी, ठेका न मोडता, उकलून दाखवितात. गोमंतकात शिगम्याच्या दिवसांत मांडावर गोफ खेळला जातो. महाराष्ट्रात टिपरी व गोफ यांची जोडी रूढ आहे. सौराष्ट्रात यास ‘गोफ-गुंथण’ म्हणतात, तर तमिळ प्रदेशात ‘पिन्नल कोलाट्टम’ म्हणतात. ‘पिन्नल’ म्हणजे वेणी. आपल्या ‘गोफ’ शब्दाचा संबंधही ‘गुंफणे’ या क्रियेशी जोडला जातो, आणि गळ्यात घालावयाच्या सोन्याच्या वा रेशमाच्या पेडीव दोरासही आपण गोफच म्हणतो.

या खेळाचे नृत्यशास्त्रीय किंवा लोकसांस्कृतिक विवेचन करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. येथे विचार करावयाचा आहे तो एका भाषिक प्रश्नाचा. गोफाचा पूर्वार्ध, म्हणजे वीण, थोड्या सरावाने साधते. उत्तरार्ध, म्हणजे उकल, मात्र चांगल्या संघांचीही परीक्षा पाहते. वेणीत मध्येच पीळ पडतो, दोऱ्या अडतात आणि खेळ थांबवावा लागतो. याचे खापर सामान्यतः खेळगड्यांच्या विसराळूपणावर फोडले जाते. वस्तुतः हा दोष पुष्कळ अंशी सांगणाऱ्याच्या शब्दांत असतो. ‘उजवीकडून’, ‘उलट’, ‘मागे’, ‘परत’ हे नित्याच्या व्यवहारातील निरुपद्रवी शब्द गोफाच्या फेरात आले की एकाहून अधिक अर्थ देऊ लागतात, आणि आठ माणसांनी त्यांचे दोन अर्थ घेतले तरी वेणी बिघडावयास तेवढे पुरते. ते अर्थ कोठे फुटतात आणि कोणत्या शब्दांनी ते एकत्र बांधता येतात, हे दाखविणे एवढेच येथील प्रयोजन आहे.

२. विणीचे स्वरूप

प्रथम विणीची घडण नीट समजून घेतली पाहिजे. समजा, फेरात आठ खेळगडी आहेत. चौघांच्या हाती तांबडी दोरी व चौघांच्या हाती हिरवी दोरी असून ते एकाआड एक उभे आहेत. तांबडे प्रदक्षिणेच्या दिशेने, म्हणजे मध्यबिंदू आपल्या उजव्या हाताशी ठेवून, चालू लागतात. हिरवे त्यांच्या समोरून, मध्यबिंदू डाव्या हाताशी ठेवून येतात. प्रत्येक तांबड्याची एका हिरव्याशी गाठ पडते. दोघांपैकी एकाने मध्यबिंदूच्या बाजूने, म्हणजे आतून जावयाचे, व दुसऱ्याने बाहेरून. आतून जाणारा बाहेरच्याच्या ताणलेल्या दोरीखालून वाकून जातो. त्यामुळे त्याची दोरी खाली राहते आणि बाहेरच्याची तिच्यावर पडते. या एका ओलांडण्यास आपण ‘भेट’ म्हणू.

पहिल्या भेटीत सर्व तांबडे बाहेरून गेले, तर दुसऱ्या भेटीत ते आतून जातील, तिसऱ्या भेटीत पुन्हा बाहेरून, याप्रमाणे क्रम चालतो. कापडातील आडवा धागा उभ्या धाग्यांच्या एकदा वरून व एकदा खालून जातो, तद्वत हे आहे. प्रत्येक भेटीत माणूस वर्तुळाचा एक अष्टमांश पुढे सरकतो. चार भेटींनंतर तो फेराच्या समोरच्या टोकास पोहोचलेला असतो आणि चारही प्रतिपक्षीयांना एकेकदा भेटलेला असतो. आठ भेटींनंतर तो आपल्या मूळ जागी येतो. एका वेळी चार भेटी घडत असल्यामुळे एका पूर्ण फेऱ्यात वेणीमध्ये बत्तीस ओलांडणी गुंफली जातात. खेळगड्यांची संख्या सम असली पाहिजे, आणि एका फेऱ्यातील भेटींची संख्या खेळगड्यांच्या संख्येइतकी असते, हे यावरून सहज ध्यानी येईल.

घरोघरी घातल्या जाणाऱ्या तिपेडी वेणीशी याची तुलना करून पाहण्यासारखी आहे. तेथे पेड निर्जीव असतात व हात पेडांच्या बाहेर असतो. विणणारीला सारी वेणी एकाच दृष्टिक्षेपात दिसते. गोफात प्रत्येक पेडाच्या टोकाशी एक माणूस आहे आणि त्याला दिसते ती फक्त समोरची एक व्यक्ती व डोक्यावरची एक दोरी. संपूर्ण वेणीचे ज्ञान कोणाही एका पेडाजवळ नसते. म्हणूनच फेराबाहेर उभा राहून सांगणारा कोणी तरी लागतो, आणि म्हणूनच त्याचे शब्द निःसंदिग्ध असावे लागतात.

३. डावे-उजवे आणि आत-बाहेर

सांगणाऱ्याच्या तोंडी सर्वांत आधी येणारे शब्द म्हणजे ‘डावीकडून’ व ‘उजवीकडून’. समोरासमोर आलेल्या दोघांना ‘उजवीकडून जा’ असे सांगितले, तर त्याचे निदान तीन अर्थ होऊ शकतात. एक, स्वतःच्या उजव्या बाजूस सरकून जा. दोन, समोरच्याला आपल्या उजव्या हाताशी ठेवून जा. तीन, समोरच्याच्या उजव्या अंगाने जा. यांपैकी पहिल्या अर्थाने वागल्यास दोघांचे डावे खांदे एकमेकांजवळून जातात; दुसऱ्या व तिसऱ्या अर्थाने वागल्यास उजवे. म्हणजे एकाच आज्ञेचे प्रामाणिकपणे पालन करणारी दोन माणसे एकमेकांवर आदळू शकतात. सांगणारा व्यासपीठावर फेराकडे तोंड करून उभा असेल व हाताने दाखवीत असेल, तर चौथा अर्थही उपस्थित होतो : सांगणाऱ्याची उजवी.

येथे ‘-ऊन’ हा प्रत्यय मार्ग दाखवितो खरा, परंतु तो मार्ग कोणाच्या सापेक्ष मोजावयाचा हे सांगत नाही. कार्ल ब्यूलर या मानसशास्त्रज्ञाने १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या भाषाविषयक ग्रंथात ‘मी-येथे-आता’ हा सर्व दर्शक शब्दांचा मूळबिंदू मानला आहे. डावे-उजवे यांना असा मूळबिंदू लागतोच. फेरात मात्र आठ माणसांचे आठ मूळबिंदू असतात, त्यांतील निम्मे एका दिशेस व निम्मे दुसऱ्या दिशेस तोंड करून असतात, आणि प्रत्येक पावलागणिक ते फिरत राहतात.

दिशा सांगण्याची दुसरीही एक रीत आपल्या भाषाव्यवहारात आहे. ठाण्याच्या टेंभी नाक्यावर उभे राहून कोणास वाट विचारली, तर ‘स्टेशनकडे’, ‘तलावपाळीच्या बाजूला’, ‘कोर्टनाक्याच्या अंगाने’ अशी उत्तरे ऐकू येतात. हे उत्तर देणाऱ्याने पाठ फिरविली तरी उत्तर बदलत नाही, कारण त्याचा आधार शरीर नसून स्थळ आहे. कोकणातील ‘वरच्या अंगाला’ व ‘खालच्या अंगाला’ ही योजनाही याच जातीची. या प्रकाराचे टोकाचे उदाहरण ऑस्ट्रेलियातील गुगू यिमिथिर या भाषेत सापडते. तिच्या पारंपरिक व्यवहारात हाताजवळची वस्तूसुद्धा पूर्व-पश्चिम-उत्तर-दक्षिण अशी सांगितली जाते. स्टीव्हन लेव्हिन्सन यांनी २००३ सालच्या आपल्या ग्रंथात या निरनिराळ्या संदर्भचौकटींची सविस्तर चर्चा केली आहे.

गोफाच्या फेरात स्टेशन किंवा तलावपाळी नसते. परंतु तेथे एक स्थिर खूण सर्वांना सदैव दिसत असते. ती म्हणजे मध्यबिंदू. ‘आतून’ म्हणजे मध्यबिंदूच्या बाजूने आणि ‘बाहेरून’ म्हणजे त्यापासून दूरच्या बाजूने. माणूस कोणत्याही दिशेस तोंड करून असो, हे अर्थ ढळत नाहीत. शिवाय चूक तत्काळ पाहता येते, कारण जो आतून गेला त्याच्या डोक्यावरून दोरी गेलेली असते.

येथे ‘आत’ व ‘आतून’ यांतील भेदही लक्षात घ्यावयास हवा. ‘आत’ हे गंतव्य आहे. ‘आत जा’ असे ऐकणारा आत जाऊन थांबू शकतो. ‘आतून’ हा मार्ग आहे. आतून जाणाऱ्याने पुन्हा बाहेर पडणे त्या शब्दातच गृहीत आहे. उच्चाराच्या दृष्टीनेही ‘आतून’ अधिक सोयीचा. ध्वनिवर्धकावरून ‘आत’ हा शब्द ‘हात’ किंवा ‘आठ’ असा ऐकू येण्याचा संभव असतो, आणि मात्रा मोजणारा सांगणारा नेमक्या आठव्या मात्रेवर ‘आठ’ म्हणतही असतो. एका दंत्य व एका मूर्धन्य व्यंजनातील भेदावर, ढोलकीच्या आवाजात, वेणी टांगून ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

तथापि डाव्या-उजव्याची पद्धती सर्वस्वी टाकाऊ आहे असे मात्र नव्हे. ‘उजवीकडून’ऐवजी ‘उजवा खांदा’ असे म्हटले, म्हणजे दोघांचे उजवे खांदे जवळून जातील असा संकेत ठरविला, तर संदिग्धता नाहीशी होते. किंबहुना एक लाभही होतो. ‘उजवा खांदा’ ही आज्ञा तांबड्यांना व हिरव्यांना एकच असते, तर ‘आतून’ ही आज्ञा एका रंगापुरती असून दुसऱ्या रंगास तिचा विरुद्धार्थ लागू होतो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी सुसंगत आहेत. घोटाळा होतो तो सांगणारा एका श्वासात ‘आतून’ व दुसऱ्या श्वासात ‘डावीकडून’ म्हणतो तेव्हा; आणि त्या घोटाळ्याचे फळ उकलीच्या वेळी पदरात पडते.

४. उकल आणि ‘उलट’ या शब्दाचे तीन अर्थ

वीण पूर्ण झाली की सांगणारा सहजच म्हणतो, ‘आता उलट’. या एका शब्दात तीन भिन्न क्रिया दडलेल्या आहेत. पहिली, दिशा उलट करणे : जो प्रदक्षिणेच्या दिशेने जात होता त्याने पाठ फिरवून विरुद्ध दिशेने चालणे. दुसरी, क्रम उलट करणे : शेवटची भेट प्रथम व पहिली भेट अखेरीस उकलणे. तिसरी, स्थान उलट करणे : आतून गेलेल्याने आता बाहेरून जाणे. गोफ उकलण्यास पहिल्या दोन क्रिया आवश्यक आहेत आणि तिसरी सर्वथा वर्ज्य आहे. गोफाची खरी मेख येथेच आहे.

तिसरी वर्ज्य का, हे एका भेटीवरून स्पष्ट होईल. शेवटच्या भेटीत तांबडा आतून गेला. त्याची दोरी हिरव्याच्या दोरीखाली आहे. दोघांनी पाठ फिरविली व ते पुन्हा समोरासमोर आले. आता तांबडा पुन्हा आतून गेला, तर तो त्याच दोरीखालून माघारी येतो आणि दोऱ्या मोकळ्या होतात. याउलट, ‘मघाशी आतून गेलो, आता उलट म्हणजे बाहेरून’ असा विचार करून तो बाहेरून गेला, तर त्याची दोरी खालून जाऊन वरून परत येते. म्हणजे तिने हिरव्या दोरीस पूर्ण वेढा घातला. उकल होण्याऐवजी पीळ बसला. त्यानंतरच्या सर्व भेटी बिनचूक झाल्या तरी हा पीळ सुटत नाही.

म्हणून उकलीचा नियम असा : जो अखेरीस आतून गेला, तो प्रथम आतूनच येईल. त्यापुढे आत-बाहेर हा क्रम पूर्ववत चालेल. आठ भेटींच्या विणीत तांबड्यांचा क्रम बाहेरून, आतून, बाहेरून, आतून असा होऊन आठवी भेट आतून झाली असेल. तर उकलीत त्यांचा क्रम आतून, बाहेरून, आतून, बाहेरून असा होऊन आठवी भेट बाहेरून होईल. वळणाच्या जागी ‘आतून’ हा शब्द लागोपाठ दोनदा येतो, आणि तेवढी एकच जागा ध्यानात ठेवावयाची असते.

खांद्यांच्या परिभाषेत हाच व्यवहार कसा दिसतो ते पाहणे उद्बोधक आहे. प्रदक्षिणेच्या दिशेने जाणारा आतून गेला म्हणजे डावे खांदे जवळ येतात. पाठ फिरवून तोच आतून परत आला म्हणजे उजवे. अर्थात डाव्या खांद्याची भेट उजव्या खांद्याने उकलते. विणीत उजवा, डावा, उजवा, डावा असे चालले असेल, तर वळणानंतरही तोच एकांतर क्रम न तुटता पुढे चालतो : उजवा, डावा, उजवा, डावा. म्हणजे एका परिभाषेत वळणावर शब्दाची पुनरुक्ती होते आणि दुसरीत होत नाही. दोन्ही नियम सोपे आहेत, परंतु ते परस्परविरुद्ध आहेत. आत-बाहेर शिकलेल्या संघास कोणी ‘क्रम तोडू नका’ असे खांद्यांच्या पद्धतीतले सूत्र सांगितले, तर उकलीची पहिलीच भेट चुकते. एका विणीस एकच भाषा असावी, असे म्हणण्याचे कारण हे होय.

गणितातही या नियमास प्रतिष्ठा आहे. एमिल आर्टिन यांनी १९२५ साली वेण्यांचा सिद्धांत मांडला. त्यात प्रत्येक वेणी ही लगतच्या दोन पेडांच्या ओलांडण्यांची मालिका मानली असून, ती उकलणारी वेणी म्हणजे त्याच ओलांडण्यांच्या व्यस्तांची उलट क्रमाने लिहिलेली मालिका होय. आधी सदरा व मग कोट घालणाऱ्यास आधी कोट काढावा लागतो, एवढाच याचा लौकिक अर्थ. जॉन कॉन्वे या गणितज्ञाने तर दोन दोरांची चार टोके चार माणसांच्या हाती देऊन व त्यांना नर्तकांप्रमाणे आज्ञा सोडून गाठी आणि अपूर्णांक यांचे नाते शिकविले होते.

‘उलट’ऐवजी योजले जाणारे शब्दही निर्धोक नाहीत. ‘मागे’ हा शब्द मराठीत स्थळवाचक व कालवाचक दोन्ही आहे. ‘मागे जा’ याने पाठमोरे चालणे सुचते आणि फेराच्या बाहेर सरणेही. ‘परत’ या शब्दाचेही दोन अर्थ आहेत : ‘पुनः’ आणि ‘माघारी’. परंतु येथे भाषेने सांगणाऱ्यावर एक उपकार केला आहे. शेवटी आतून गेलेल्या रंगास ‘परत आतून’ असे सांगितले, तर ‘पुनः आतून’ हा अर्थ घेणारा आतून जातो आणि ‘माघारी, आतून’ हा अर्थ घेणाराही आतूनच जातो. दोन्ही अर्थ एकाच पावलावर येऊन मिळतात. उकलीच्या आरंभी ‘उलट’ टाकून ‘परत आतून’ म्हणावे, हे या लेखातील सर्वांत व्यवहारोपयोगी सूत्र म्हणता येईल.

या सर्व गुंत्याची साक्ष मराठीतील एका शब्दाने फार पूर्वीच दिली आहे. संस्कृतात ‘सव्य’ म्हणजे मुख्यत्वे डावा. डाव्या हातानेही बाण सोडणारा म्हणून अर्जुन सव्यसाची. परंतु यज्ञोपवीत डाव्या खांद्यावर असणे ही नित्याची स्थिती ‘सव्य’, आणि ते उजव्या खांद्यावर घेणे ‘अपसव्य’, अशी धर्मकृत्यातील परिभाषा असल्यामुळे ‘सव्य’ म्हणजे सरळ, योग्य, आणि म्हणून उजवा, असा अर्थ मराठीत घेतला जाऊ लागला. एका शब्दाने डावा व उजवा दोन्ही अर्थ धारण करावे, आणि ‘सव्यापसव्य’ या समासाने मराठीत निष्कारण खटाटोपाचा अर्थ घ्यावा, हे अर्थपरिवर्तन गोफ सांगणाऱ्याने मनन करण्याजोगे आहे.

५. पक्षांची नावे, क्रियापद आणि वेळ

‘आतून’ ही आज्ञा एका पक्षास उद्देशून असल्यामुळे पक्षांना नावे हवीत. दिशेवरून नावे दिली, तर पाठ फिरविताच ती खोटी ठरतात. ‘एक’ व ‘दोन’ म्हटले, तर मात्रांच्या मोजणीशी घोटाळा होतो. स्त्री-पुरुष अशी विभागणी प्रत्येक संघात शक्य नसते. दोरीचा रंग हे नाव सर्वांत चांगले. तो हातात दिसतो, वळणानंतर बदलत नाही आणि कोणाच्या लिंगावर वा वयावर अवलंबून नसतो.

हाच प्रश्न अन्यत्रही उद्भवला आहे. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड प्रांतात रुजलेले कॉन्ट्रा नृत्य इंग्लंडातील जुन्या ग्रामनृत्यांतून उतरले आहे. त्या नृत्यांचा जॉन प्लेफर्ड यांचा संग्रह १६५१ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन ओळी समोरासमोर उभ्या असतात व ‘कॉलर’ म्हणजे सांगणारा प्रत्येक आकृती आधी पुकारतो. परंपरेने तेथे ‘सभ्य पुरुष’ व ‘स्त्रिया’ अशी दोन पक्षांची नावे होती. अलीकडे पुष्कळ मंडळांनी त्यांऐवजी ‘लार्क’ व ‘रॉबिन’ ही पक्ष्यांची नावे स्वीकारली आहेत. त्यांची निवड यदृच्छेने झालेली नाही : गिरकीच्या अखेरीस लार्क डावीकडे व रॉबिन उजवीकडे राहतो, आणि त्या नावांची इंग्रजी आद्याक्षरे डावे-उजवे या शब्दांच्या आद्याक्षरांशी जुळतात. नावाने जागेची आठवण करून द्यावी, हे तत्त्व आपल्या रंगांच्या नावांहून एक पाऊल पुढेच आहे.

कॉन्ट्रा नृत्यातही ‘हे’ नावाची एक आकृती आहे. तीत चार नर्तक आळीपाळीने उजव्या व डाव्या खांद्यांनी एकमेकांस ओलांडीत सोळा ठेक्यांत आपल्या जागी येतात. आमच्या विणीची ही सख्खी बहीण म्हणावी. भेद एवढाच की तेथे हातात दोरी नसते. नर्तक चुकला तरी पुढच्या चार पावलांत सावरून घेतो आणि चुकीचा मागमूस राहत नाही. गोफात प्रत्येक चूक दोरीत लिहिली जाते.

आता क्रियापदाविषयी. मराठीत क्रियापद वाक्याच्या अखेरीस येते. ‘तांबड्यांनी समोरच्याला आतून ओलांडून जावे’ हे वाक्य पुरे होईपर्यंत भेट होऊन गेलेली असते. शिवाय आज्ञार्थात आदराचा प्रश्न उपस्थित होतो. कवायतीतील ‘वळ’, ‘चल’, ‘थांब’ ही एकवचनी रूपे शाळेच्या मैदानावर खपतात. परंतु जेथे फेरात शेजारच्या काकू, मामा आणि त्यांची भाचरे एकत्र आहेत तेथे ‘वळ’ म्हणणे उद्धटपणाचे आणि ‘वळा हं, काकू’ म्हणणे वेळखाऊ होते. क्रियापदच गाळले, की दोन्ही अडचणी दूर होतात. ‘तांबडे आतून’ एवढ्या दोन शब्दांत कर्ता व मार्ग आला, आणि एकेरी-अनेकेरीचा प्रश्नच उरला नाही.

कवायतीपासून घेण्यासारखी गोष्ट मात्र एक आहे. तेथील आज्ञेचे दोन भाग असतात : ‘मागे’ ही सूचना आणि ‘वळ’ हा अंमल. गोफात सूचना शब्दाने द्यावी व अंमल ठेक्याने व्हावा. समजा, केरव्याच्या आठ मात्रांच्या एका आवर्तनात एक भेट होते. तर ‘तांबडे आतून’ हे शब्द आधीच्या आवर्तनाच्या अखेरच्या दोन-तीन मात्रांत संपले पाहिजेत, म्हणजे पुढच्या समेवर पाऊल पडेल. समेवर उच्चारलेली आज्ञा उशिराचीच असते. कॉन्ट्रा नृत्याचे सांगणारेही हाच नियम पाळतात. त्यांच्या धुनेचे एक आवर्तन चौसष्ट ठेक्यांचे असते, आणि योगायोग असा की आपल्या आठ भेटींच्या विणीसही वरील हिशेबाने चौसष्टच मात्रा लागतात. नर्तकांच्या अंगवळणी आकृती पडत चालली की तेथील सांगणारा एकेक शब्द कमी करीत अखेरीस गप्प बसतो. गोफ सांगणाऱ्यानेही विणीच्या मध्यास मौन धरण्यास हरकत नाही; वळणाच्या भेटीस मात्र त्याने बोललेच पाहिजे.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या परिसरात या प्रश्नास आणखी एक पदर आहे. टेंभी नाक्यावर आनंद दिघे यांनी १९७८ साली सुरू केलेला नवरात्रोत्सव प्रसिद्ध आहे. आश्विनातील त्याच दिवसांत या शहरांतून मराठी घरांतील भोंडला आणि गुजराती मंडळींचा गरबा शेजारी शेजारी चालतो. दोन्ही फेराचे खेळ. अशा वस्तीत गोफाचा संघ उभा राहिला, तर त्यात दोन्ही भाषांचे लोक येणे साहजिक आहे. गुजरातीत डाव्यास ‘डाबुं’ म्हणतात, ते मराठी माणसास कळते. पण उजव्यास ‘जमणुं’ म्हणतात, ते कळत नाही. ‘अंदर’ व ‘बहार’ हे शब्द मात्र दोघांनाही समजतात. मध्यबिंदूचा आधार घेणारी भाषा भिन्नभाषी संघातही अधिक टिकाऊ ठरते, ही गोष्ट तिच्या बाजूने नोंदविण्यासारखी आहे.

६. चूक आणि तिची उकल

एक व्यावहारिक प्रश्न उरतो. विणीच्या पाचव्या भेटीत एक जोडी चुकली. तांबड्याने बाहेरून जावयाचे ते तो आतून गेला. सांगणाऱ्याने ते पाहिले. आता काय करावे? ‘उकलताना तरी नीट जा’ असा उपदेश करण्याचा मोह होतो, आणि तोच घातक आहे. इतर तिन्ही जोड्या त्या भेटीत नियमाप्रमाणे उकलतील. परंतु चुकलेल्या जोडीने नियम पाळला, तर दोरीखालून गेलेला तांबडा बाहेरून परत येईल आणि वर सांगितलेला पीळ पडेल. जी चूक ज्या भेटीत केली ती त्याच भेटीच्या उकलीत जशीच्या तशी पुन्हा केली पाहिजे. आठ भेटींच्या विणीतील पाचवी भेट उकलीत चौथी येते. त्या भेटीस त्या जोडीला नावाने हाक मारून ‘परत आतून’ म्हणावे. गोफात शुद्धीचा नियम हा ‘जसे गेलात तसे या’ असाच आहे. चुकलेले स्थळ ओळखून सांगणे हे सांगणाऱ्याचे काम, आणि त्यासाठी त्याची नजर पावलांवर नसून दोऱ्यांवर असली पाहिजे.

७. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात मांडता येईल. गोफ सांगणाऱ्याने प्रथम एक संदर्भचौकट निवडावी आणि अखेरपर्यंत ती सोडू नये. प्रस्तुत लेखकाच्या मते मध्यबिंदूची, म्हणजे ‘आतून-बाहेरून’ची, चौकट अधिक हितकर आहे, कारण ती पाठ फिरविल्याने बदलत नाही आणि दोरीकडे पाहून तिची पडताळणी होते. पक्षांना रंगांची नावे द्यावीत, क्रियापद गाळावे, शब्द समेच्या आधी संपवावेत. ‘उलट’ हा शब्द वर्ज्य करावा व वळणावर, शेवटी आतून गेलेल्या रंगास, ‘परत आतून’ म्हणावे.

या सूचना किरकोळ वाटतील. परंतु त्यांच्याशी खेळाचे निम्मे अंग निगडित आहे. ज्या संघात पिढ्यान्‌पिढ्या एकत्र खेळणारी माणसे असतात तेथे उकल अंगात मुरलेली असते आणि ती कोणी शब्दांत सांगावी लागत नाही. शाळेत, वसाहतीत किंवा महाविद्यालयाच्या संमेलनात जेव्हा आठ नवी माणसे पंधरा दिवसांच्या तालमीवर गोफ धरतात, तेव्हा देहाची स्मृती नसते आणि सारा भार शब्दांवर येतो. ते शब्द फसले की संघ वीण घालून दाखवितो, टाळ्या घेतो आणि वेणी तशीच लोंबत ठेवून निघून जातो. गोफाचे कौशल्य तर घातलेली वीण ठेक्यात सोडविण्यात आहे. पदव्युत्तर वर्गात दर्शक शब्दांचे प्रकरण शिकविताना आठ विद्यार्थ्यांच्या हाती आठ दोऱ्या देऊन हा प्रयोग अवश्य करून पाहावा. ‘उजवीकडून’ या शब्दाचे तीन अर्थ फळ्यावर समजावण्यास जो वेळ लागतो, त्याहून पुष्कळ कमी वेळात ते दोरीवर दिसतात.